अपघातानंतर खरे तेच लिहून द्या

चलथाणच्या साखर कारखान्याचे गळीत सुरू झाले की कडोदरा, पलसाणा, बारडोली या बाजूंचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी एखादी ट्रॉली चाक पंक्चर होऊन अंधारात कडेला उभी असते आणि मिलमधील रात्रपाळी करून परतणारा आपला तरुण मोटरसायकलसह तिच्यावर जाऊन आदळतो. ट्रॉलीवाल्यांनी मागे दिवा लावावा हे उघडच आहे, आणि ते कितीदा सांगितले तरी थोडेच. आज मात्र आम्हांला अपघातानंतरच्या आठ दिवसांबद्दल बोलायचे आहे. हाड मोडले ते मोडलेच. पण त्या आठ दिवसांत घरची माणसे दुसऱ्यांच्या सल्ल्याने जे कागद लिहून देतात, त्यांनी पुढे जास्त नुकसान होते असे आमचे मत आहे.

आधी माणसाचे पाहू. १०८ ला फोन करावा. डोक्याला मार असेल तर वरून जखम दिसत नाही म्हणून घरी नेऊन झोपवू नये. पहिले चोवीस तास लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, वाढती झोप, असंबद्ध बोलणे, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी, एका डोळ्याची बाहुली मोठी होणे, यांपैकी काहीही दिसले तर तडक मोठे इस्पितळ गाठावे. खरचटलेल्या जागी चुना, तंबाखू भरू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना लागू आहे: मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला नेमून दिलेल्या इस्पितळात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख पैसे न भरता उपचार मिळतात. इस्पितळात ‘ही योजना इथे आहे का’ असे स्पष्ट विचारावे. लाजू नये.

आता गाडी. गाडी टेम्पोत घालून गॅरेजात पोहोचते आणि तिथे एक ओळखीचे वाक्य ऐकू येते, ‘भाऊ, काळजी करू नका, सगळं विम्यात बसवून देतो.’ ऐकायला गोड वाटते. पण विम्यात बसवणे म्हणजे काय? मागच्या वर्षी फुटलेला आरसा आणि आधीच गंजलेला सायलेन्सरही याच अपघातात मोडला असे लिहायचे. आणि पोराकडे लायसन्स नसेल तर गाडी थोरला भाऊ चालवत होता असे लिहायचे. कधी हा सल्ला मिस्त्री देतो, कधी पॉलिसी काढून देणारा एजंट, कधी शेजारीच. सगळे असेच करतात, असेही सांगितले जाते.

आम्हांला हे मान्य नाही. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे आणि विम्याचा अर्ज ही सहीनिशी दिलेली साक्षच असते. कंपनीचा पैसा म्हणजे कोणाचाच नाही, असे मनात येते. पण तो तुमच्याआमच्यासारख्यांनी भरलेल्या हप्त्यांचा असतो. एवढे पुरेसे वाटत नसेल, तर व्यवहार पाहा.

समजा, धाकटा मुलगा ट्रॉलीवर आदळला. त्याच्याकडे लायसन्स नव्हते. इस्पितळाच्या अपघात विभागात पहिल्याच कागदावर त्याचे नाव, वेळ आणि ‘मोटरसायकल चालवत असताना’ असे लिहिले गेले. पोलिसांच्या पंचनाम्यातही तेच आले. आठ दिवसांनी विम्याच्या अर्जात थोरल्याचे नाव चालक म्हणून गेले. कंपनीचा सर्व्हेअर इस्पितळाचा कागद मागवतो, दोन्ही कागद शेजारी ठेवतो आणि दावा तिथेच संपतो. इथवर गेले ते फक्त गाडीचे पैसे. पुढे सहा महिन्यांनी कळते की धाकट्याचा पाय कायमचा आखडला. आता ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या विमा कंपनीकडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागायची आहे. समोरचा वकील तुमच्याच घरच्या सहीचा कागद काढतो, ‘गाडी तर मोठा भाऊ चालवत होता ना?’ चार-पाच हजारांच्या दुरुस्तीसाठी लिहिलेल्या एका ओळीने पोराच्या जन्माची भरपाई धोक्यात येते.

खरे सांगितले असते तर काय झाले असते? लायसन्स नाही म्हणून स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे मिळाले नसते, हे कबूल. दंडही झाला असता. मुलगा अठरा वर्षांखालील असता तर पालकाला किंवा गाडीमालकाला २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती बाब हलकी नाही. पण समोरच्या वाहनाकडून मिळायची भरपाई केवळ लायसन्स नाही म्हणून बुडत नाही. लायसन्स नसणे म्हणजे आपोआप अपघाताचा दोष नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुधीरकुमार राणा यांच्या खटल्यात २००८ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे खरे बोलणाऱ्याची गाडी गेली असती, हक्क राहिला असता.

यासाठी गाडी पडली त्या जागीच तिचे, ट्रॉलीचे आणि रस्त्याचे फोटो मोबाइलवर घ्यावेत. ट्रॅक्टरचा नंबर आणि ट्रॉलीचा नंबर वेगवेगळे असतात, दोन्ही घ्यावेत. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत मिस्त्रीला पान्हा लावू देऊ नये. गाडी खोलली की पुरावा खोलला. ‘आपसांत मिटवू’ म्हणून रस्त्यावर दोन हजार घेऊन कोऱ्या कागदावर सही करणारे तर आम्हांला फारच भोळे वाटतात. न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्याने सहा महिने दिले आहेत, ते बोलता बोलता सरतात.

गॅरेजवाला नेहमी लबाड असतो असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळदा भांडण होते ते पॉलिसी न वाचल्यामुळे. पोलिसांनी अडवू नये म्हणून काढलेली स्वस्तातली तृतीय पक्ष पॉलिसी आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा एक पैसाही देत नाही. एवढेच नव्हे, त्या पॉलिसीत मागे बसलेली बायकोही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच हे सांगितले आहे. चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर तिला त्या वाहनाच्या विम्यातून मिळेल, पण आपलीच गाडी घसरली तर हात रिकामे. पॅकेज पॉलिसीत दोन्ही येतात. तरीही पूर्ण बिल मिळत नाही. साध्या पॅकेज पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीचे निम्मेच पैसे मिळतात, आणि गाडी तीन ते चार वर्षांची असेल तर धातूच्या भागांतून पंचवीस टक्के घसारा कापतात. हजार रुपयांच्या प्लास्टिकच्या मडगार्डला पाचशे आणि हजाराच्या फोर्कला साडेसातशे, असा हा हिशेब. शिवाय दुचाकीला शंभर रुपयांची सक्तीची कपात असते. किरकोळ मोडतोडीसाठी दावा केला तर पुढच्या हप्त्यातली सवलत जाते; तेव्हा हजार-दीड हजाराचे काम खिशातून करणे बरे. हा हिशेब आधी माहीत असला तर मिस्त्रीला आकडा फुगवायला सांगण्याचा मोहही होत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांत फार आहे, आणि तिच्यावर आमचा विशेष राग आहे. गावाकडून, धुळे-नंदुरबारकडून, मेव्हण्याची किंवा मुकादमाची जुनी गाडी आणायची, पैसे द्यायचे, आणि नाव वर्षानुवर्षे तसेच ठेवायचे. मालकाच्या वैयक्तिक अपघाताचे पंधरा लाखांचे संरक्षण मिळायला आरसी बुकात ज्याचे नाव, पॉलिसी ज्याच्या नावे आणि लायसन्स ज्याच्या खिशात, तो माणूस एकच असावा लागतो. तीन कागदांवर तीन नावे असली तर विधवेच्या हातात काय पडणार? विकणाऱ्याचीही सुटका नाही. नवीनकुमार खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गाडी कितीही हात फिरली तरी नोंदीत ज्याचे नाव, तोच जबाबदार. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. आरटीओचे काम दुसऱ्या राज्यातून असेल तर ना-हरकत दाखल्यासाठी खेटे पडतात खरे, पण ते घालावेत.

सगळे खरे लिहूनही कंपनीने दावा नाकारला, तर नाकारण्याचे कारण लेखी मागावे. आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर गुजरातेतील विमाधारकांसाठी अहमदाबादला विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे वकील लागत नाही, फी नाही, आणि नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज चालतो. विमा नियामकाचा १५५२५५ हा क्रमांकही तक्रारीसाठी आहे. गाडी ताब्यात घेताना मिस्त्रीकडून बदललेले जुने भाग पाहायला मागावेत, पक्के बिल घ्यावे, आणि गॅरेजच्या दारातच ब्रेक दाबून, हँडल सरळ आहे का ते बघून मगच समाधानपत्रावर सही करावी.