दानाचे दप्तर

भूदानाचा विषय निघाला की जमीनधारक शेतकऱ्यांच्या बैठकीत बहुधा दोनच सूर ऐकू येतात. काही मंडळी विनोबांचे नाव घेऊन हात जोडतात; काही 'लोकांनी दिले ते माळरान आणि कज्जातल्या जमिनी' असे म्हणून विषय झटकून टाकतात. आमच्या मते दोहोंतही मुख्य मुद्दा राहून जातो. भूदानास दाते कमी पडले नाहीत, कारभारी कमी पडले. आणि ते कमी पडावेत अशी व्यवस्था चळवळीने स्वतःच, पुरता विचार करून, केली. गावफंड, देवस्थान, गोशाळा, वसतिगृह यांचा कारभार आमच्या वाचकांपैकी पुष्कळांकडे असतो. त्यांनी तरी हा इतिहास त्या दृष्टीने एकवार पाहावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे 18 एप्रिल 1951 रोजी भूमिहीन दलित कुटुंबांनी विनोबांजवळ 80 एकर जमीन मागितली, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी तेथल्या तेथे 100 एकर देऊ केली, हे सर्वश्रुत आहे. कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावी जन्मलेला हा पुरुष त्यानंतर वर्षानुवर्षे पायी हिंडत राहिला. तुमच्या घरी पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा व माझा वाटा द्या, अशी त्याची मागणी असे. 1957 पर्यंत 5 कोटी एकर मिळवावयाचा संकल्प होता. मिळाली सुमारे 42 लाख एकर. संकल्पाच्या मानाने ही प्राप्ती थोडी खरी, पण केवळ शब्दावर मिळालेली एवढी जमीन ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु दानपत्र म्हणजे जमीन नव्हे, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. एकत्र कुटुंबातील कर्त्याने सभेत भारावून जाऊन पाच एकर लिहून दिली, तरी भाऊबंदांची संमती हवी. त्या तुकड्यावर सावकाराचा अगर सोसायटीचा बोजा नसावा. त्यात कुळ असेल तर त्याचे काय, हे ठरावे. मोजणी होऊन हद्दीचे दगड रोवले जावेत. फेरफार होऊन घेणाऱ्याचे नाव दप्तरी लागावे. एवढे झाल्यावरही ज्याच्यापाशी बैल नाही, बी नाही, विहीर नाही, तो ती जमीन कशाने कसणार? चळवळीस हे कळत नव्हते असे नाही. जमिनीबरोबर बैल, अवजारे व विहिरी यांचेही दान विनोबा मागत. वाटपाचे नियम तर कोणत्याही सरकारने कित्ता गिरवावा असे होते. वाटप गावच्या उघड्या सभेत व्हावयाचे. कोणास द्यावयाचे ते भूमिहीनांनीच आपसांत ठरवावयाचे. एकमत न झाल्यास चिठ्ठ्या टाकावयाच्या. आणि एक तृतीयांश जमीन दलितांकडे जावयाची. पंचांच्या मेहेरबानीस येथे जागाच ठेविली नव्हती.

मात्र नियम आपोआप चालत नाहीत. सभा बोलावणारा, तलाठ्याकडे दहा खेपा घालणारा, दात्याचे मन फिरले तर त्याच्या ओसरीवर पुन्हा जाऊन बसणारा असा कोणी तरी लागतो. बिहारात 21 लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे झाली; त्यांतून जंगल, नदीपात्र, डोंगर व वादग्रस्त जमीन वगळता पक्की म्हणून उरली ती सुमारे साडेसहा लाख. देशभरातील 42 लाखांपैकी भूमिहीनांच्या हाती पडली ती तेरा लाखांच्या आसपास. हा भेद सर्वस्वी दात्यांच्या लबाडीचा आहे असे आम्ही मानीत नाही. त्यात पाठपुराव्याचा अभावही मोठा आहे.

आणि नेमक्या अशा वेळी, 1956 च्या अखेरीस, तमिळ मुलखातील पळणी येथे निर्णय झाला की भूदान समित्या विसर्जित कराव्यात आणि गांधी स्मारक निधीतून कार्यकर्त्यांस मिळणारे साहाय्य बंद करावे. यास 'तंत्रमुक्ती' व 'निधिमुक्ती' अशी नावे मिळाली. यामागील विनोबांचा विचार हलका नव्हता. पगारी माणसे आली की लोक स्वस्थ बसतात. समिती उभी राहिली की तीच जपणे हे काम होऊन बसते. चळवळ लोकांची राहत नाही. ज्याने सहकारी सोसायटीची निवडणूक पाहिली आहे तो याला खोटे म्हणणार नाही! तरीही आमच्या मते हा निर्णय घातक ठरला. खळ्यावर रास पडली असता राखणदारास निरोप द्यावा, तसा हा प्रकार झाला. काही प्रांतांत कायद्याने स्थापिलेली मंडळे मागे राहिली. पण त्यांचा कारभार सरकारी चालीने व्हावयाचा तो झाला.

संघटना नाहीशी झाली म्हणून सत्ता नाहीशी होत नाही. ती एका पूज्य व्यक्तीच्या ठायी एकवटते, आणि तिचा जाब विचारावयास जागाच उरत नाही. पुढील वर्षांत भूदानावरून ग्रामदानाकडे, 1965 साली सुलभ ग्रामदानाकडे, आणि 1969 साली अवघा बिहार 'दान' झाल्याच्या घोषणेपर्यंत मजल गेली. ज्या चळवळीत आकड्यांचा जयजयकार होतो तेथे आकडेच पिकतात. 1970 मध्ये जयप्रकाश नारायण मुझफ्फरपूर जिल्ह्यातील मुसहरी येथे मुक्काम करून राहिले, तेव्हा कागदावरील ग्रामदान व गावातील वस्तुस्थिती यांमधील अंतर त्यांनी उघडपणे मान्य केले. हे त्यांच्या प्रांजळपणास शोभले. पण ते सांगावयास इतकी वर्षे का लागावीत?

आमचा तर्क असा की, सर्वानुमतीचा नियम येथे आड आला. सर्व सेवा संघात बहुमताने निर्णय होत नसत. ही रीत आम्हांस तत्त्वतः मान्य आहे. परंतु ज्या सभेत एका वंदनीय पुरुषाचे मत सर्वांस आधीच ठाऊक असते, तेथे सर्वानुमती म्हणजे पुष्कळदा विरोधकाचे मौन असते. साचलेला मतभेद 1974-75 साली बिहारच्या आंदोलनावरून फुटला आणि संघ दुभंगला.

आपल्या गावच्या धर्मादाय संस्थांत याच गोष्टी लहान प्रमाणावर घडतात. संस्थापकाचे घराणे थोर, म्हणून हिशेब मागणे हा अविनय ठरतो. आमचे तर म्हणणे आहे की दात्याच्या घरचा माणूस हिशेब तपासणारा असूच नये, आणि जमाखर्च वार्षिक सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. नुसता फलकावर लावून भागत नाही.

सर्वानुमती नीट चालविता येते याचे उदाहरण मात्र महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावी कित्येक वर्षे ग्रामसभा एकमतानेच निर्णय घेत आली. तेथे ग्रामसभेच्या जोडीस अभ्यासगट असतो. त्याने माहिती गोळा करावयाची, बाहेरच्या जाणकारांशी वाद घालावयाचा. निर्णय मात्र घ्यावयाचा नाही. तो अधिकार सभेचाच. अशा सवयीवर त्या गावाने 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला, आणि त्यानंतर, 2013 साली, 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या स्वाधीन केली. तेथे कारभाराची घडी आधी बसली होती, दान मागाहून आले.