मंत्र्यांच्या उत्तरामागचा प्रश्न कोण लिहितो?

७ ऑक्टोबर १८८१ रोजी मैसूरमध्ये, दसऱ्याच्या सुमारास, राज्यभरातून १४४ माणसे एकत्र आली. दिवाण सी. रंगाचार्लू यांनी भरवलेली ती प्रजाप्रतिनिधी सभा होती. तालुक्यातालुक्यांतून शेतकरी आले होते आणि प्रत्येक जिल्ह्यातून तीन-चार प्रमुख व्यापारी बोलावले होते. त्यांना मतदानाचा अधिकार नव्हता. दिवाणांनी राज्याचा जमाखर्च सभेपुढे ठेवायचा आणि आलेल्यांनी आपली गाऱ्हाणी मांडायची, एवढेच तिचे स्वरूप होते. तरीही राज्यकारभार हाकणाऱ्याने व्यापाऱ्याला समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकायचे, ही रीत या शहराने भारतीय संस्थानांत फार लवकर सुरू केली. पुढे १९०७ मध्ये मैसूरला विधिपरिषद स्थापन झाली, तेव्हा दिवाणपदी तंजावरकडच्या मराठी समाजातले व्ही. पी. माधवराव म्हणजे विश्वनाथ पाटणकर माधवराव होते.

आज हेब्बाळ, मेटगळ्ळी किंवा हूटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि सीएनसी चालवणारा कारखानदार मंत्र्यासमोर बसत नाही. त्याच्या वतीने खासदार प्रश्न विचारतो आणि मंत्री संसदेत उत्तर देतो. खासदाराला कारखान्यातली जी अडचण माहीतच नसते, ती प्रश्नात उतरत नाही आणि उत्तरातही येत नाही. लघुउद्योगांवरची संसदेतली प्रश्नोत्तरे नियमाने वाचली की हाच दोष ठळकपणे दिसतो: प्रश्न ढोबळ असतो, म्हणून उत्तरही योजनांच्या यादीवर थांबते.

उत्तर देणारे मंत्री आपल्याला अनोळखी नाहीत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग खाते २०१९ ते २०२१ नितीन गडकरी यांच्याकडे आणि त्यानंतर जून २०२४ पर्यंत नारायण राणे यांच्याकडे होते. जून २०२४ मध्ये ते जीतन राम मांझी यांच्याकडे गेले आणि राज्यमंत्री म्हणून बेंगळुरू उत्तरच्या खासदार शोभा करंदलाजे आल्या. त्याच वेळी वाणिज्य व उद्योग खात्याचे पीयूष गोयल मुंबई उत्तरमधून निवडून आले आणि अवजड उद्योग व पोलाद खाते मंड्याचे खासदार एच. डी. कुमारस्वामी यांना मिळाले. कोल्हापूर, बेळगाव आणि मैसूरच्या उद्योजकाला संबंधित मंत्र्यापर्यंत पोहोचणे एरवीपेक्षा सोपे असावे, अशी ही रचना आहे.

प्रश्नाची वाट नेमकी कशी असते, हे प्रत्येक उद्योजक संघटनेने समजून घ्यायला हवे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी स्वरूपात पटलावर ठेवले जाते. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, क्रम सोडतीने ठरतो आणि प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. वीस तारांकित प्रश्नांपैकी तासाभरात मोजकेच तोंडी चर्चेला येतात. उरलेल्यांची उत्तरे लेखीच राहतात.

लेखी उत्तराला कमी लेखू नये. ते सरकारचे अधिकृत म्हणणे असते, कायमचे नोंदले जाते आणि कोणालाही वाचता येते. बँकेत, जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खरेदीदाराच्या कार्यालयात ते पुरावा म्हणून दाखवता येते.

मात्र ते वाचायला शिकावे लागते. उद्यम नोंदणीचा आकडा हे याचे पहिले उदाहरण. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये असंघटित सूक्ष्म व्यवसायांसाठी उद्यम असिस्ट हा वेगळा मंच आला. एकूण नोंदणीच्या आकड्यात या दोन्हींची बेरीज असू शकते. त्यावरून नवे कारखाने किती उभे राहिले हे कळत नाही. जुनेच व्यवसाय कागदावर किती आले, एवढेच समजते. विचारणाऱ्याने दोन्ही आकडे वेगळे मागितले, तरच ते वेगळे मिळतात.

दुसरे उदाहरण व्यापाऱ्यांचे. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली आणि दुकानदारांमध्ये मोठा आनंद पसरला. पण त्याच परिपत्रकाने त्यांना मिळणारा लाभ अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जापुरता मर्यादित ठेवला होता. थकलेल्या बिलावर व्याज मिळवून देणारे संरक्षण त्यात नव्हते. प्रमाणपत्र हाती असूनही वसुलीच्या वेळी अनेक व्यापाऱ्यांची निराशा झाली, ती यामुळेच.

तिसरी बाब सर्वांत ताजी आहे. १ एप्रिल २०२५ पासून वर्गवारीच्या मर्यादा वाढल्या. सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटींवर गेली, लघुउद्योगाची ५० वरून १०० कोटींवर आणि मध्यम उद्योगाची २५० वरून ५०० कोटींवर. वाढत्या उद्योगाला सवलती गमावण्याची धास्ती राहू नये, हा हेतू योग्यच आहे. पण केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी ठेवलेला २५ टक्के वाटा तोच राहिला आणि त्यावर हक्क सांगणारे वाढले. वर्षाला दोन कोटींचे जॉबवर्क करणारी चार कामगारांची शेड आणि नव्वद कोटींची कंपनी आता त्याच वाट्यात उभ्या आहेत. सूक्ष्म उद्योगांच्या पदरात त्यातले किती पडते, हा आकडा स्वतंत्रपणे मागणे गरजेचे आहे.

सर्वांत मोठा प्रश्न अर्थातच थकबाकीचा. २००६ चा कायदा स्पष्ट आहे. करारात काहीही लिहिले असले, तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते आणि परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. निकालाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. २०१७ पासून समाधान पोर्टलवर तक्रार ऑनलाइन नोंदवता येऊ लागली. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या कलम ४३ब मध्ये भर घालून, सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळेल अशी तरतूद केली.

इतका मजबूत कायदा असूनही लहान पुरवठादार तक्रार करायला धजत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच खरेदीदाराकडून यायची असते. त्याचे खेळते भांडवल अडकते, तो ओव्हरड्राफ्टवर व्याज भरतो आणि कामगारांचा पगार मात्र वेळेवर करतो. ही कोंडी सभागृहात मांडली जायलाच हवी, आणि तिथेच प्रश्नाच्या रचनेची कसोटी लागते. ‘थकबाकी रोखण्यासाठी सरकारने कोणती पावले उचलली?’ असे विचारले, तर वर सांगितलेल्या तरतुदींचीच यादी परत हाती येते. कोणत्या राज्यात किती प्रकरणे ९० दिवसांनंतरही पडून आहेत आणि त्यांतले किती खरेदीदार सरकारी उपक्रम आहेत, असे विचारले तर खात्याला मोजदाद करावी लागते.

मोजदाद करून विचारलेला प्रश्न काय करू शकतो, याचा दाखला १९५७ चा आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतल्याचा विषय सप्टेंबरमध्ये लोकसभेत प्रश्नाच्या रूपाने आला. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी तपशिलांसह तो लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांचा चौकशी आयोग नेमावा लागला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

लघुउद्योजकाला कोणाचा राजीनामा नको आहे, त्याला आपले बिल वेळेवर हवे आहे. त्यासाठी आश्वासन समितीचा मार्गही उपयोगाचा आहे. ‘माहिती गोळा केली जात आहे’ किंवा ‘विषय विचाराधीन आहे’ असे मंत्र्याने म्हटले की ते आश्वासन ठरू शकते. त्याची पूर्तता साधारण तीन महिन्यांत व्हावी, अशी अपेक्षा असते. लोकसभेची ही समिती १९५३ पासून काम करते. मंत्र्याने काय म्हटले आणि त्याचे पुढे काय झाले, याची नोंद संघटनांनी ठेवली, तर खासदाराला समितीचे दार ठोठावता येईल.

आता कामाचे. एकट्या कारखान्याच्या बिलावर संसदेत प्रश्न लागत नाही, सार्वजनिक महत्त्वाचाच विषय घेतला जातो. म्हणून संघटनांनी आपापल्या वसाहतीतील निदान वीस-पंचवीस कारखान्यांची थकीत बिले, तारखा आणि खरेदीदाराचा प्रकार यांचा तक्ता नावे वगळून तयार करावा. खाते नीट ओळखावे. खरेदी धोरण लघुउद्योग खात्याचे असले, तरी मैसूरच्या रेल्वे वर्कशॉपच्या खरेदीचा आकडा रेल्वे मंत्र्याकडे मागावा लागतो आणि बीईएमएलच्या खरेदीचा संरक्षण मंत्र्याकडे. सुविधा परिषद राज्याची, औद्योगिक वसाहतीचे भूखंड आणि वीजदरही राज्याच्या अखत्यारीतले. त्यांवरचा प्रश्न आमदारामार्फत विधानसभेत जायला हवा.

हिवाळ्यात संसदेचे अधिवेशन दिल्लीत आणि कर्नाटक विधिमंडळाचे बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, बहुधा एकाच सुमारास भरते. मैसूरच्या संघटनांनी मैसूर-कोडगूचे खासदार यदुवीर वाडियार यांच्याकडे आणि बेळगावच्या उद्यमबागेतील उद्योजकांनी आपल्या आमदारांकडे एकाच तक्त्याच्या आधारे दोन प्रश्न द्यावेत. पहिला: ९० दिवसांवर गेलेली प्रकरणे किती आणि त्यांत सरकारी खरेदीदार किती? दुसरा: १ एप्रिल २०२५ नंतरच्या सरकारी खरेदीत केवळ सूक्ष्म उद्योगांचा वाटा किती? सूचनेची १५ दिवसांची मुदत धरली, तर अधिवेशनाच्या तारखा जाहीर होण्याआधीच तक्ता तयार हवा. या मासिकाच्या वाचकांनी आपापल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा. मिळालेली उत्तरे, मग ती कशीही असोत, या पानांवर शब्दशः छापली जातील.