दमदाटीला शिस्त म्हणू नका!

22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी हिने जीवन संपविले. आदिवासी तडवी भिल्ल समाजातील ही मुलगी स्त्रीरोग विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर ॲट्रॉसिटी व रॅगिंगविरोधी कायद्यांखाली गुन्हा दाखल झाला. दोषाचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. आमचा प्रश्न त्याआधीचा आहे. छळाची गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घातली होती, असे कुटुंब सांगते. मग कारवाई का झाली नाही?

मुकुटबन परिसरातील कोलाम, गोंड, बौद्ध घरांतील मुलीही उद्या नर्स, डॉक्टर व्हायला बाहेर पडणार आहेत. त्यांना काय सांगून पाठवायचे?

इस्पितळात ओरडणे वरून खाली येते : प्राध्यापकाकडून निवासी डॉक्टरवर, तिथून सिस्टरवर, शेवटी सफाई कामगारावर. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमताच ही! तिला 'शिस्त' म्हटले जाते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2008 सालीच बजावले, की अशा दमदाटीमुळे उपचारात चुका होतात. घाबरलेली सिस्टर चुकीचे इंजेक्शन दिसूनही बोलत नाही. सरकारी दवाखान्यात त्याची किंमत गरीब रुग्णच मोजतो.

कायदा दुबळा नाही. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार विद्यार्थीच नव्हे, तर आईवडीलही तक्रार करू शकतात. तक्रार लेखी हवी. संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली, तर तोही गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरतो. म्हणून तोंडी सांगून परत येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या. कोणत्या दिवशी, कोणत्या वॉर्डात, कोणासमोर, कोणते शब्द वापरले, ते त्याच रात्री वहीत लिहा. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात जातिवाचक अपमान चारचौघांसमोर झाला, हे सिद्ध करावे लागते.

नोकरीतील नर्स, आशा, कंत्राटी कामगार यांना मात्र रॅगिंगचा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी जिल्हा पातळीवर तक्रार समिती हवी. तिच्यात बाहेरचे सदस्य आणि अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असावेत. ड्युटीचा तक्ता भिंतीवर लागावा, म्हणजे शिक्षा म्हणून रात्रपाळी लादता येणार नाही.

पायलच्या फोटोला हार घालून आपले काम संपत नाही. आपल्या गावातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला वकिलाचा फोन नंबर देऊन पाठवा!