बंदूक दप्तरात येते कुठून?





शाळेच्या फाटकावर बंदूकधारी चौकीदार नेमावा, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. एका सद्गृहस्थांनी तर प्राचार्यांनीच परवाना काढून पिस्तूल बाळगावे, असे सुचविले. त्यांची काळजी मी समजू शकतो. ६ डिसेंबर २०२४ रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, छतरपूर जिल्ह्यातील धमोरा येथील सरकारी शाळेत, बारावीच्या विद्यार्थ्याने प्राचार्यांना गोळी घालून ठार केले. मीही त्याच खुर्चीवर बसतो. ती बातमी माझ्याने एका दमात वाचवली नाही.

पण आपल्या देशातील अशा घटना जरा बारकाईने पाहा. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका खाजगी शाळेत आठवीच्या मुलाला वर्गमित्रांनीच मारले. पिस्तूल एकाच्या घरातले होते. जानेवारी २०१८ मध्ये यमुनानगरला बारावीच्या मुलाने प्राचार्याबाईंवर गोळ्या झाडल्या, त्या वडिलांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरने. जुलै २०२४ मध्ये बिहारमधील सुपौल येथे नर्सरीतल्या बाळाच्या दप्तरातून पिस्तूल निघाले आणि तिसरीचा मुलगा जखमी झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये काशीपूरला नववीच्या मुलाने ते जेवणाच्या डब्यातून आणले व शिक्षकाला जखमी केले. हे सगळे त्या त्या शाळेचेच विद्यार्थी होते. गणवेशातल्या मुलाला चौकीदार अडवणार तरी कसा?

अमेरिकेत हा वाद फार जुना आहे. तेथे २०१८ मध्ये पार्कलँडच्या शाळेत १७ जण मेले, तेव्हा शाळेचा सशस्त्र पोलीस अधिकारी बाहेरच थांबला. पेशावरचे २०१४ चे हत्याकांड वेगळे. तेथे बाहेरचे अतिरेकी शिरले होते आणि अशा वेळी पहारा हवाच. परंतु त्यानंतर तेथील प्रांत सरकारने शिक्षकांना शस्त्र बाळगण्याची मुभा दिली, आणि २०१५ मध्येच स्वातमध्ये एका शिक्षकाच्या हातून चुकून गोळी सुटून विद्यार्थी दगावला. चाळीस मुलांच्या वर्गात फळ्यावर लिहिताना गुरुजींनी पिस्तूल ठेवायचे कुठे? कपाटाची किल्ली कुठे असते हे आमच्या मुलांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते!

आपल्या बुऱ्हाणपूरकरांनी तर अधिकच सावध असावे. खकनार भागातील पाचोरी गावाचे नाव देशी पिस्तुलांपायी दूरदूरच्या पोलिसांच्या तोंडी आहे. म्हणून तिथल्या शिकलगार मुलाकडे कोणी संशयाने पाहू नये. पिढीजात लोहारकाम करणाऱ्या त्या समाजातील मुलांना शाळेची गरज आपल्या मुलांपेक्षा कमी नाही. पण कट्टा आपल्याकडे दुर्लभ वस्तू नाही, हे खरे. कायद्याने २१ वर्षांखालील व्यक्तीला शस्त्र बाळगता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अवैध शस्त्र बनविण्यास किमान सात वर्षे कैद आहे. तरीही लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार झाला की आपण टाळ्या वाजवतो. मुले ते पाहतात.

अमेरिकी सरकारच्या २००२ च्या एका अभ्यासात शाळांमधील ३७ हल्ले तपासले गेले. ६८ टक्के हल्लेखोरांना बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळाली होती. आणि ८१ टक्के प्रकरणांत हल्ल्याचा बेत आधी कोणाला तरी माहीत होता, बहुधा एखाद्या मित्राला. विद्यार्थी मित्रांनो, हे तुमच्यासाठी आहे. मित्राच्या दप्तरात काही दिसले, तर बाईंना किंवा थेट मला सांगा. ही चहाडी नव्हे. तुमचे नाव माझ्याजवळच राहील.

शिक्षकांनाही एक सांगायचे आहे. काशीपूरचा मुलगा थप्पड खाऊन बसला होता. त्याच्या कृत्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण मारणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद झाले आहे, आणि चारचौघांत पाणउतारा करणेही त्याच कलमात येते. रागावलेला मुलगा दोन दिवस गप्प राहिला तर घरी फोन गेला पाहिजे.

ज्या पालकांकडे परवान्याचे शस्त्र आहे, त्यांनी ते व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवल्याचे शाळेला लेखी कळवावे. शनिवारी प्रार्थनेनंतर मी कार्यालयात आहे. चौकीदाराचा विषय विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत येईल. चौकीदार जरूर नेमावा, बंदूक नको. त्या पैशातून आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक यावा, असा माझा प्रस्ताव राहील.