पावतीविना वाळू

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या युसूफ वडगावच्या घरीं पडवीचें काम निघालें. एके दिवशीं पहांटे उठून पाहतों तों अंगणांत वाळूचा ढीग! ट्रॅक्टर रात्रीं केव्हां आला व केव्हां गेला, तें मला कळलेंही नाहीं. चिरंजीवांस पावती विचारली, तर ते हंसून म्हणाले, "अण्णा, पावतीची वाळू या भावांत कोण देणार?" मी गप्प राहिलों. जन्मभर मुलांना अस्तेयाचा पाठ दिलेल्या शिक्षकाची ही चूक आज वाचकांपुढें कबूल करीत आहें.

वाळूला कायद्याच्या भाषेंत 'गौण खनिज' म्हणतात. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाच्या १५ व्या कलमानें अशा खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांस दिला. त्यानुसार महाराष्ट्राचे नियम २०१३ सालीं झाले. त्याच्या आदल्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें दीपककुमार खटल्यांत पांच हेक्टरांहून लहान पट्ट्यांसही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरविली. कारण उघड आहे. लहान लहान खड्ड्यांनींच नदी संपते. 'गौण' हें विशेषण खनिजास लागलें आहे. हानीस तें लागू पडत नाहीं.

इंडोनेशियांतील बांका बेट कथिलासाठीं प्रसिद्ध. १९९९ नंतर तेथील निर्बंध सैल होतांच हजारों लहान खाणी निघाल्या. गरिबांच्या हातीं पैसा आला, पण मागें पाण्यानें भरलेले खड्डे व उजाड जमीन राहिली. आपल्या बीड जिल्ह्यांत कथील नाहीं. गोदावरी व मांजरा यांची वाळू हेंच आपलें धन. वाळूचा थर पुराचें पाणी धरून ठेवतो व तें हळूहळू कांठच्या विहिरींस पुरवितो. थर गेला कीं पाणी वाहून जातें आणि फाल्गुनांतच विहिरीचा तळ दिसूं लागतो. २०१६ सालीं धनेगावचें मांजरा धरण कोरडें पडलें व लातुरास मिरजेहून रेल्वेनें पाणी न्यावें लागलें, हें आम्ही केज तालुक्यांतील लोक विसरलेलों नाहीं. तें अवर्षणामुळें झालें, हें खरें. परंतु अशाच वर्षीं वाळूंत मुरलेल्या पाण्याचें मोल कळतें.

नियमांत गरिबाचा विचारच नाहीं, असें नव्हे. २०२५ च्या वाळू धोरणांत घरकुलाच्या लाभार्थ्यांस पांच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे. विनापरवाना उपशास बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होऊं शकतो व वाहनही जप्त होतें. परंतु रात्रीं सांपडतो तो बहुधा चालक, रोजंदारीवरचा कोणा गरिबाचा मुलगा. वाळू मागविणारा गृहस्थ मात्र घरीं स्वस्थ निजलेला असतो. त्या रात्रीं मीही निजलोंच होतों.

पुढील वर्षीं माडीवर एक खोली काढावयाची आहे. चिरंजीवांस सांगितलें आहे कीं, वाहतुकीचा परवाना पाहिल्यावांचून वाळू अंगणांत उतरवून घ्यावयाची नाहीं. न मिळाल्यास दगडाच्या चुऱ्याची कृत्रिम वाळू वापरूं. खर्च वाढेल म्हणून ते अजून कुरकुरतात. सूनबाई म्हणाल्या, "खोली थोडी लहान काढूं." मला तें पटलें.