बिनकामाचे चालणे

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात बाई दिवसभरात किती चालते, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पहाटे पाण्याला, मग शेतावर, दुपारी सरपणाला, उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायला, आठवड्याच्या बाजाराला. पावसाळ्यात धो धो कोसळणारा पाऊस दऱ्यांतून वाहून जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत हंडा घेऊन लांबची वाट तुडवावी लागते. तेव्हा आमच्या बायांना चालण्याचे अप्रूप नाही. तरीही त्यांना चालायला मिळत नाही, असे मी म्हणते. कसे, ते सांगते.

गेल्या ऑक्टोबरात, भात कापणीला यायच्या आधी, आमच्या गटांतल्या चौदा जणी नाणेघाटाच्या पठारावर फिरायला गेलो. घाटघर गावातून निघायचे, पठार ओलांडून नाणेघाटाच्या तोंडाशी जायचे, तिथून कड्याच्या कडेने जीवधन किल्ल्याच्या बाजूला वळायचे आणि रानातून पुन्हा घाटघरला यायचे, अशी गोल वाट. किल्ला चढायचा नव्हता. कुठे पोचायचे नव्हते. निघालो तिथेच परत यायचे होते.

बैठकीत हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, “कामाबिगर फिरायला? आन् घरी सांगायचं काय, ताई?”

या प्रश्नावर मी जे केले त्याची आज मला लाज वाटते. मी म्हटले, “सांगा, झाडपाल्याच्या औषधांची माहिती घ्यायला चाललोय.” इतिवृत्ताच्या वहीतही मी तसेच लिहिले: ‘वनौषधी परिचय सहल’. वास्तविक त्या रानातल्या एकेका झाडाची ओळख मला करून द्यावी अशा त्या बाया! पण निमित्त मिळाले आणि चौदा जणींना घरून परवानगी मिळाली.

पठारावर सोनकीची पिवळी फुले पसरली होती. वारा एवढा, की पदर सावरता सावरेना. थोड्या वेळाने एकीने पदर खोचला, मग सगळ्यांनीच खोचले. कड्यावर उभे राहिल्यावर खाली कोकण दिसते. एका मावशीने विचारले, “दर्या दिसतो का हितनं?” दिसत नाही, पण जुन्या काळी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला येत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. त्या रांजणाशी बसून आम्ही भाकरी खाल्ली.

घाटात थोडे खाली उतरले की ती प्रसिद्ध लेणी लागते. तिथला ब्राह्मी लिपीतला लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहन राणी नागनिकेशी जोडला जाणारा. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची मोठी यादी आहे: हजारांनी गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. राजघराण्याचे पुतळे आता राहिलेले नाहीत, त्यांची वर कोरलेली नावे राहिली आहेत. त्यात नागनिकेचेही नाव आहे. मी अभिमानाने हे सांगत होते. पण त्याच लेखात राणीचे गुण कोणते सांगितले आहेत? ती महिना महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी. हे ऐकून आमच्यातली एक आजी म्हणाली, “राणी झाली तरी उपासच का?” सगळ्या हसल्या. भर रहदारीच्या घाटात बाईचे नाव कोरले गेले, आणि तिचे कौतुक झाले ते घरात राहण्याचे!

बाईने रस्त्यावर असायला हरकत नसते; कारण मात्र लागते. पाणी, सरपण, मजुरी, दवाखाना, देव. वारीला बाई कोसचे कोस चालते, तेव्हा तिला कोणी अडवत नाही, कारण डोक्यावर तुळस असते आणि तोंडी विठ्ठलाचे नाव. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईच्या बायांविषयी हेच मांडले: बाईला सार्वजनिक जागी उगाच रेंगाळण्याचा हक्क हवा. शहरातली बाई पर्स सावरत घाईत असल्याचे दाखवते. आमची बाई हंडा दाखवते.

“आधी पाणी द्या, मग फिरायचे बघू,” असे माझे काही सहकारी म्हणतात. पाण्याची मागणी आम्ही सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण नळ दारात आला की वाचलेला वेळ बाईचा होतो का? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचा दिवसातला सरासरी २८९ मिनिटे वेळ त्यात जातो आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. विहिरीवरचा तास वाचला तर तो गोठ्यात जातो. वेळ स्वतःचा आहे असे बाईने म्हटल्याशिवाय आणि घराने ते मानल्याशिवाय तो तिचा होत नाही. “ऊसपट्ट्यात बिबट्या आहे, जपून राहावे,” असेही सांगितले जाते. बिबट्याचे भय खरे आहे, माणसे गेली आहेत. पण भल्या पहाटे उसाला पाणी द्यायला किंवा गवत आणायला बाईला धाडताना हे भय कोणाला आठवत नाही.

परतीच्या वाटेवर आंबेगावकडची एक बाई माझ्याबरोबर होती. तिचे माहेर जुन्या आंबेगावचे, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेले. ती म्हणाली, “ताई, माहेराची वाट तेवढी बिनकामाची हुती. तीबी बुडाली.” यावर मला काही बोलता आले नाही.

घाटघर जवळ आले तशा बाया गप्प झाल्या. पाहते तो चार-पाच जणींनी वाटेत काटक्या गोळा करून मोळ्या बांधल्या होत्या. “मोकळ्या हातानं घरात कसं शिरायचं?” दिवसभर हलके असलेले डोके गाव दिसताच पुन्हा जड झाले.

पुढच्या बैठकीला त्यातली एक आली नाही. औषधांची माहिती घ्यायला गेलेली बाई घरी येऊन वाऱ्याचे आणि फुलांचे सांगते, हे घरात कळले आणि तिचे गटाला येणे बंद झाले. आमच्यातल्या तिघी तिच्या घरी जाऊन आल्या. सासूबाईंनी चहा दिला, पण सूनबाई बाहेर आली नाही. माझ्या खोट्या निमित्ताची किंमत तिने मोजली. खरे सांगितले असते तर कदाचित चौदाऐवजी पाचच जणी आल्या असत्या. पण भांडण उघड झाले असते आणि ते सगळ्यांचे झाले असते.

म्हणून गटाने ठरवले आहे: तीन महिन्यांतून एक बैठक चालत घ्यायची. त्या दिवशीचे पाणी घरातल्या पुरुषाने भरायचे. येताना मोळी आणायची नाही. बंद झालेल्या मैत्रिणीच्या घरी दर वेळी जायचे, तिला उघड बोलवायचे. आणि वहीत औषधे, प्रशिक्षण, अभ्यास असले काही न लिहिता लिहायचे: ‘फिरायला गेलो.’

तुमच्या गटाच्या वहीत हे दोन शब्द आहेत का, एकदा पाहा.