सेवक पौल आणि सेविका फिबी



पॅरिश कौन्सिलची नवी यादी करायची होती. आमच्या जुनी इंदूरच्या भागातून एक प्रतिनिधी द्यायचा, म्हणून एका घरी आठ-दहा जण जमलो. तीन नावे निघाली आणि तिन्ही पुरुषांची निघाली. त्यातले एक गृहस्थ नाताळ आणि ईस्टर सोडले तर क्वचितच दिसतात, पण "बोलायला बरे आहेत" असे कुणी तरी म्हणाले आणि त्यांचेच नाव पक्के झाले. तेवढ्यात आतून काकू चहा घेऊन आल्या.

या काकूंविषयी थोडे सांगायला हवे. आमच्या भागात कुणी आजारी पडले, कुणी शेवटच्या घटका मोजू लागले, तर फादरांच्या आधी यांना बोलावणे जाते. फादर येईपर्यंत त्या उशाशी बसून प्रार्थना चालू ठेवतात. मे आणि ऑक्टोबर महिन्यांतली घरोघरची रोझरी त्याच चालवतात. चर्चमधली मिस्सा हिंदीतून असते, पण आमच्या मुलांना 'आमच्या स्वर्गीय बापा' मराठीतून येते ते त्यांच्यामुळे. वर्गणीचा हिशेब त्या शाळेच्या वहीत ठेवतात आणि त्यात आजवर एका रुपयाचीही चूक निघालेली नाही. त्या ट्रे ठेवून आत गेल्या. त्यांचे नाव कुणालाच सुचले नाही.

दुसऱ्या कुणावर बोट ठेवायचे नाही. आम्हीही तिथेच बसलो होतो. वीस वर्षे मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या आम्हालाही सुचले नाही. घरी परतताना पुलावर आल्यावर लक्षात आले, आणि मग रात्रभर ते मनातून जाईना.

म्हणून हा लेख. स्त्रियांनी ख्रिस्तसभेत पुढे यावे की नाही, याबद्दल आपण जे 'धर्माची शिकवण' म्हणून सांगतो, त्यातले किती खरेच शिकवणीचे आहे आणि किती नुसत्या सवयीचे, हे एकदा निवडून पाहायला हवे. तांदूळ निवडताना खडे बाजूला काढतात, तसे.

सुरुवात बायबलपासूनच करू, कारण वाद निघाला की सगळे तिथेच जातात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढतात, करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय काढतात, स्त्रीने गप्प राहावे असे लिहिले आहे म्हणतात, आणि विषय संपतो. पण त्याच करिंथकरांच्या पत्रात तीन पाने मागे, अकराव्या अध्यायात, पौल काय सांगतो? स्त्रीने प्रार्थना करताना किंवा संदेश देताना डोके झाकावे. म्हणजे सभेत स्त्रिया मोठ्याने प्रार्थना करत होत्या, संदेश देत होत्या, आणि पौलाला ते ठाऊक होते. तो त्यांना थांबवत नाही, पदर घ्या म्हणतो. गप्पच बसायचे असते तर पदराचा प्रश्न आला कुठून? आपण गंमत अशी केली आहे की अकराव्या अध्यायातला पदर ठेवला आणि त्याच ओळीतला संदेश काढून टाकला.

चौदाव्या अध्यायातली ती वाक्ये त्या मंडळीतल्या एका गोंधळापुरती होती की सर्व काळासाठी, यावर जाणत्यांमध्ये मतभेद आहेत. आम्ही साधे धर्मशिक्षक, तो वाद आम्ही मिटवणार नाही. पण एकाच पत्रातली दोन वचने एकमेकांसमोर उभी असताना एकच वाचून दाखवणे हा प्रामाणिकपणा नव्हे, एवढे आम्हालाही कळते.

आता रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय. हा अध्याय आपण बहुधा भरभर वाचतो, कारण त्यात नुसती नावे आहेत. पण ती नावे मोजून पाहा. दहा स्त्रिया भेटतील. प्रिस्काचे नाव तिथे नवऱ्याच्या, अक्विलाच्या, आधी येते, आणि प्रेषितांची कृत्ये सांगतात की अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला या दोघांनी नीट समजावून शिकवले. युनियाचा उल्लेख प्रेषितांच्या संदर्भात येतो. चौथ्या शतकातले संत योहान ख्रिसोस्तोम तिला स्त्रीच समजतात आणि तिचा गौरव करतात. पुढे मध्ययुगात काही भाष्यकारांना प्रेषितांमध्ये बाई कशी असेल असे वाटले आणि त्यांनी तिचा पुरुष करून टाकला. आणि या सगळ्यांच्या आधी, अध्यायाच्या अगदी पहिल्या ओळीत, आहे फिबी. रोमला ते पत्र घेऊन जाणारी तीच असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आपल्या मराठी बायबलात फिबीला 'सेविका' म्हटले आहे. शब्द चुकीचा नाही. पण सेविका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येते? अंगणवाडी सेविका, नाही तर चर्चची फरशी पुसणारी, फुले लावणारी बाई. ग्रीकमध्ये तिथे 'दियाकोनोस' हा शब्द आहे. हाच शब्द पौल स्वतःसाठी आणि अपुल्लोसासाठी वापरतो, आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या आरंभी मंडळीच्या अध्यक्षांबरोबर ज्या सेवकांचा उल्लेख येतो तिथेही हाच शब्द आहे. तो 'सेवक' वाचताना आपल्याला अधिकारी माणूस दिसतो आणि 'सेविका' वाचताना झाडू दिसतो. एका शब्दाला मराठीत लिंग मिळाले आणि तेवढ्याने त्याची पायरी बदलली. हा दोष अनुवाद करणाऱ्यांचा म्हणावा की वाचणाऱ्या आपला?

अनुवादाचा विषय निघाला म्हणून पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांची आठवण मराठी ख्रिस्ती माणसाने या विषयात काढायलाच हवी, कारण आपला प्रश्न त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अंगावर घेतला होता. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. याबद्दल त्यांना धर्मपंडितांसमोर जाब द्यावा लागला आणि तो त्यांनी शास्त्राच्याच आधारे दिला. आईने पुढे रमाबाईंना शिकवले. तरुण रमाबाई गावोगावी पुराण सांगत, समोर पुरुष बसलेले असत. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या, शिकवतही होत्या. 1885 साली त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे आला, आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी, लाहोरच्या आणि मुंबईच्या, हरकत घेतली. हिंदुस्थानातल्या लोकांना हे रुचणार नाही, तिचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचे नवल वाटले. त्यांनी कळवले ते असे, की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने आईच्या वा माझ्या शिकवण्याला कधी हरकत घेतली नाही, मग तुम्ही कोणत्या हिंदुस्थानाबद्दल बोलता?

हा प्रसंग आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. कर्मठ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाई, अशा घरातल्या वडिलांनी मुलीला सभेत बोलू दिले. आणि मुक्तीचे शुभवर्तमान सांगणाऱ्यांनी 'लोक काय म्हणतील' म्हणून तिला थांबवायला पाहिले. त्या बिशपांनी वाईट हेतूने केले असे आम्ही म्हणत नाही. पण कारण वचनातले नव्हते, समाजाच्या भीतीचे होते, आणि ते बोलले गेले मात्र धर्माच्या आवाजात.

पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खे बायबल मराठीत आणले. त्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनी आणि बायकांनी जुळवले, पाने त्यांनीच छापली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई देवाघरी गेल्या, पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आले. नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. त्याचा मोठा भाग लिहिला तो लक्ष्मीबाईंनी. बायबल देणारी बाई, ख्रिस्ताचे चरित्र ओवीत पुरे करणारी बाई, आणि आपण अजून विचारतो की बाईने पहिले वाचन वाचावे का.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला बायकांना फादर करायचे आहे का? हा प्रश्न येतोच, तेव्हा सरळ उत्तर देतो. 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्पष्ट सांगितले की स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही. आम्ही कॅथलिक धर्मशिक्षक आहोत आणि वर्गात तेच शिकवतो. आपल्या इतर ख्रिस्ती बांधवांनी वेगळा मार्ग धरला. चर्च ऑफ साउथ इंडियाने 2013 मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केले. त्यांच्या आणि आमच्या वाटेत हा फरक आहे, तो लपवायचे कारण नाही. पण गुरुदीक्षेचे दार बंद आहे म्हणून घरातली बाकीची सगळी दारे आपणच लावून घेतली, ही तक्रार आहे. ती दारे लावायला रोमने सांगितले नव्हते.

उलट तिकडून एकेक दार उघडले जात होते. मुलींना वेदीसेवक होण्याची परवानगी बिशप देऊ शकतात, हे 1994 मध्येच कळवले गेले. 2016 मध्ये पवित्र गुरुवारच्या पादप्रक्षालनात स्त्रियांना घेण्याचा नियम झाला. त्याच वर्षी 22 जुलैचा मरिया मग्दालियाचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीने सण झाला. सहाव्या शतकातल्या एका प्रवचनापासून पश्चिमेत तिला पापिणी म्हणून रंगवले गेले होते. शुभवर्तमानात तर ती रिकाम्या कबरेहून प्रेषितांकडे बातमी घेऊन धावणारी आहे. जानेवारी 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनन कायद्याचे 230 वे कलम बदलले आणि वाचक व वेदीसेवक ही रीतसर पदे स्त्रियांना खुली केली. मे महिन्यात धर्मशिक्षक हे पद स्थापित सेवा म्हणून जाहीर झाले, स्त्री-पुरुष दोघांसाठी. आपल्या देशातल्या बिशपांनी 2010 मध्येच स्त्री-पुरुष समानतेचे धोरण प्रसिद्ध केले आहे. 2024 च्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजात तर म्हटले आहे की स्त्रियांनी नेतृत्वाची कामे करू नयेत असे काही कारण नाही, आणि स्त्री डीकनचा प्रश्न खुला आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण आमची एक चूक. दृढीकरणाच्या वर्गात योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय चालू होता. एका मुलीने विचारले, "पहिली बातमी मरियेने आणली, मग आम्हाला वेदीपाशी का घेत नाहीत?" आम्ही म्हणालो, "चर्चचा नियम आहे, बाळा." ती खाली बसली. नियम तसा नव्हता. नंतर वाचून खात्री केली. पुढच्या रविवारी वर्गात सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, पण ती मुलगी त्या दिवशी आली नव्हती, आणि नंतरही फारशी आली नाही. तिने तेवढ्यासाठीच सोडले असे आम्ही म्हणणार नाही. पण तो प्रश्न विचारायला तिला किती धीर लागला असेल, हे राहून राहून आठवते.

आपण इंदूरकर अहिल्याबाईंचे नाव विमानतळाला देतो, विद्यापीठाला देतो. आपल्याच धर्मप्रांतात सिस्टर राणी मरिया होऊन गेल्या. उदयनगरच्या आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडवायला त्यांनी माणसे एकत्र केली, सरकारी कर्जाचे कागद भरायला शिकवले, हक्काने बोलायला शिकवले. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारले. त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, खुनी समुंदर सिंग याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी याच शहरात राणी मरियांना धन्यवादित घोषित केले. आपण सगळे त्या मैदानाच्या आठवणी अभिमानाने सांगतो. पण त्या जिवंत असताना जे करत होत्या त्याला नेतृत्वच म्हणतात. नेतृत्व करणारी बाई आपल्याला तसबिरीत चालते, हार घालता येतो. टेबलापलीकडे खुर्चीत बसून ती हिशेब विचारू लागली की अडचण वाटते.

या मंडळींत कुणी दुष्ट नाही. त्या दिवशी जमलेले आठ-दहा जण चांगले लोक आहेत, आमचे शेजारी आहेत. काही बहिणीही म्हणतील की आम्हाला नको ते कौन्सिल, घरचेच पुरे आहे. नको म्हणणाऱ्यांवर सक्ती नाही. पण आधी विचारायला तर हवे. आम्ही काकूंना विचारले. त्या भांडी घासत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "वही तर माझ्याकडेच आहे. बैठकीला घेऊन यायची का?"

यादी अजून फादरांकडे गेलेली नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर पुन्हा बसायचे आहे. काकूंचे नाव आम्ही सुचवणार आहोत. अनुमोदनाला एक जण लागतो, तर जुनी इंदूरचे जे हे वाचत असतील त्यांनी थोडे आधी यावे.